घटस्फोटात घर, दागिने आणि कर्ज: कोणाचं काय, आणि कागद कधी करायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला ११ वर्षं झाली, ८ वर्षांची मुलगी आहे, दोघंही आयटीत आहात. गेले १४ महिने वेगळे राहता आणि आता परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलंय. बाणेरचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. तो २०१७ मध्ये ७२ लाखांना घेतला. त्यातले १८ लाख तुमच्या वडिलांनी दिले, उरलेल्या ५४ लाखांचं कर्ज दोघांच्या नावावर आहे, पण हप्ते नवऱ्याच्या खात्यातून जातात. आज फ्लॅटची किंमत १ कोटी ३२ लाखांच्या आसपास आहे आणि कर्ज ३२ लाख शिल्लक आहे. फ्लॅट नवऱ्याला ठेवायचा आहे. हिंजवडीचा गाळा तुमच्या एकटीच्या नावावर, पण पैसे त्याचे. सासऱ्यांचं सदाशिव पेठेत घर आहे, तुमचे दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत आणि तळेगावचा प्लॉट तुम्हाला आईने दिलेला आहे. तुम्ही विचारता, "सगळ्याचं अर्धं-अर्धं होतं ना?"

नाही, होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक जोडप्याचा हाच समज असतो, म्हणून आधी तो बाजूला करतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये 'लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची' असं कुठेही म्हटलेलं नाही. लग्नाने मालकी एकत्र होत नाही आणि घटस्फोटाने ती वाटलीही जात नाही. जे ज्याचं आहे ते त्याचंच राहतं, प्रश्न फक्त कोणाचं काय हे सिद्ध करण्याचा असतो. शेजारच्या गोव्यात वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. पुण्यात तसं नाही. घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून वाटा देण्याची तरतूद असलेलं एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभेत ते पुढे गेलंच नाही आणि २०१४ मध्ये रद्दबातल झालं. ते व्हायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नोकरी सोडून घर सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर अनेकदा काहीच नसतं. पण आज तुम्हाला आहे त्याच कायद्यावर उभं राहायचं आहे.

या कायद्यात मालमत्तेच्या वाटपाबद्दल एकच कलम आहे, २७वं. लग्नात किंवा लग्नाच्या निमित्ताने दोघांना मिळून ज्या वस्तू भेट मिळाल्या, तेवढ्यांपुरतंच ते बोलतं. बाकी सगळ्याचा निकाल मालकीच्या साध्या नियमांनी लागतो. नवरा-बायकोमधला मालमत्तेचा वाद कौटुंबिक न्यायालयातच चालतो, वेगळा दिवाणी दावा लावायला जावं लागत नाही. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, घटस्फोट आणि वैवाहिक नात्यातून आलेल्या मालमत्तेच्या वादात स्त्रीला न्यायालय शुल्क माफ आहे. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात येणाऱ्या कितीतरी बायकांना हे ठाऊक नसतं आणि लाखाच्या फीच्या धसक्याने त्या हक्काची मागणीच सोडून देतात.

आता फ्लॅट. तुमच्या प्रकरणाचा जीव इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीदस्ताच्या गोषवाऱ्यावर, दोघांची नावं आहेत, वाटा लिहिलेला नाही. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४५वं कलम लागू पडतं. दोघांनी आपापल्या पैशातून घेतलं असेल तर ज्याने जितका पैसा घातला तितका त्याचा वाटा. कोणी किती घातला याचा पुरावाच नसेल तर दोघांचा वाटा सारखा मानायचा. म्हणजे अर्ध्याचा नियम आहे, पण तो पुरावा नसतानाचा.

तुमचे आकडे यात घालून पाहा. नवरा म्हणेल, "हप्ते सगळे मी भरले, पुढेही मीच भरणार. तुझे फक्त वडिलांचे १८ लाख." ७२ मध्ये १८ म्हणजे पाव हिस्सा. आजच्या १ कोटी ३२ लाखांचा पाव हिस्सा ३३ लाख, आणि कर्ज सगळं त्याच्या डोक्यावर. तुमचा वकील म्हणेल, कर्ज दोघांनी मिळून काढलंय, बँकेला दोघंही पूर्ण जबाबदार आहेत, म्हणून ५४ लाखांतले २७ लाख तुमचे. त्यात वडिलांचे १८ मिळवले की ४५ लाख होतात, म्हणजे साडेबासष्ट टक्के. त्याचे आज साडेब्याऐंशी लाख होतात. त्यातून शिल्लक कर्जाचा अर्धा भाग, १६ लाख, वजा केला की साडेसहासष्ट लाख उरतात. आणि सरळ निम्मं धरलं तर किंमत वजा कर्ज म्हणजे १ कोटी, त्याचे ५० लाख.

म्हणजे ३३ ते साडेसहासष्ट एवढा मोठा पट्टा आहे. कोर्टात भांडलात तर यातलं काय हाती येईल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. संयुक्त कर्जाचा युक्तिवाद आम्ही वकील करतो, पण प्रत्येक न्यायाधीश तो पूर्ण मान्य करतीलच असं नाही. हप्ता त्याच्या खात्यातून जात होता, पण घर तुमच्या पगारावर चालत होतं, हे मांडता येतं. किराणा, वीजबिल, मुलीच्या शाळेची फी, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स हे तुमच्या खात्यातून गेलं असेल तर ११ वर्षांची स्टेटमेंट्स काढा. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या कष्टांना मालमत्तेतलं योगदान मानून तिला निम्मा वाटा दिला. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण समोर ठेवता येतो.

या सगळ्यात सर्वांत नाजूक धागा वडिलांच्या १८ लाखांचा आहे. ते त्यांच्या खात्यातून थेट बिल्डरला गेले की आधी तुमच्या खात्यात आले? तुमच्या खात्यातून गेले असतील तर ते तुमचे, फारसा वाद उरत नाही. थेट बिल्डरला गेले असतील तर नवरा म्हणू शकतो की सासऱ्यांनी आम्हा दोघांना दिले. त्या वेळचे मेसेज, ईमेल, वडिलांची वही, जे असेल ते शोधा. वडील हयात आहेत तोवर त्यांचं शपथपत्र करून घ्या. मात्र घाईत "ते उसने दिले होते" असं लिहून घेऊ नका. उसने म्हटलं की ते दोघांनी फेडायचं कर्ज होतं आणि घरातला तुमचा वाटा गळून पडतो.

मी तुमच्या जागी असतो तर ५० लाखांच्या आसपास बोलणी सुरू केली असती आणि ४५ च्या खाली उतरलो नसतो. वडिलांच्या पैशाचा पुरावा पक्का असेल तर ५५ मागणं अजिबात अवाजवी नाही.

हिंजवडीच्या गाळ्यात चित्र उलटं आहे. नाव तुमचं, पैसा त्याचा. बेनामी, म्हणजे पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं अशा, व्यवहारांच्या कायद्यात, कमाईच्या ज्ञात मार्गातून आलेल्या पैशाने पत्नीच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी धरली जात नाही. त्यामुळे बेनामीची मनाई आड न येता 'हा गाळा खरा माझा' असं तो कोर्टात म्हणू शकतो. पण तेवढं म्हणून भागत नाही. पैसे दिले याचा अर्थ मालकी स्वतःकडे ठेवायची होती असा होत नाही, तो हेतू त्याला सिद्ध करावा लागतो. बायकोला द्यायचंच म्हणून घेतलं, हेही तितकंच शक्य असतं. भाडं कोणाच्या खात्यात येतं, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात कोण दाखवतं, मूळ दस्त कोणाच्या कपाटात आहे, यावर बरंच ठरतं. बोलण्यांत हा गाळा तुमच्या हातातलं सर्वांत भक्कम पान आहे, तो सोडायची घाई करू नका.

सासऱ्यांच्या घरात तुमची मालकी नाही. सुनेला सामाईक घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिला आहे आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण तो राहण्याचा हक्क आहे, वाट्याचा नाही, आणि तुम्ही तर बाहेर पडलाच आहात. 'घर वडिलोपार्जित आहे' असं सासरचे अभिमानाने सांगतात तेव्हा कागद बघावा. १९५६ नंतर सासऱ्यांना त्यांच्या वडिलांकडून वारसाने मिळालं असेल तर कायद्याच्या भाषेत ते बहुधा त्यांचं स्वतःचंच असतं. खरोखर एकत्र कुटुंबाचं असेल तर तुमचा नाही, पण तुमच्या मुलीचा त्यात जन्मतः हिस्सा आहे. घटस्फोटाने तो जात नाही आणि तुम्ही घटस्फोटाच्या संमतीपत्रात तिच्या वतीने तो सोडूनही देऊ शकत नाही.

तळेगावच्या प्लॉटवर नवऱ्याचा शून्य हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याच्या १४व्या कलमाने तो पूर्णपणे तुमचा आहे. एवढंच लक्षात ठेवा की पोटगी ठरवताना न्यायालय दोघांचीही मालमत्ता बघतं, म्हणून तो शपथपत्रात दाखवावा लागेल. लपवू नका.

दागिन्यांबद्दल कायदा पूर्ण तुमच्या बाजूने आहे. माहेरचे, सासरचे, मैत्रिणींनी दिलेले, लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर तुम्हाला म्हणून मिळालेले सगळे दागिने स्त्रीधन. सासूबाईंनी मुखदर्शनाला घातलेल्या पाटल्यासुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही आणि नवऱ्याचा त्यावर ताबा चालत नाही. मागूनही परत न करणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. अडचण येते ती यादीत. कोर्टात "सगळे दागिने" अशी मागणी टिकत नाही. ठुशी, तोडे, मोहनमाळ, बांगड्या अशी नावानिशी, वजनासकट यादी करा. लक्ष्मी रोडच्या सराफाकडची जुनी बिलं, लग्नाच्या अल्बममधले फोटो आणि विमा काढला असेल तर त्याचं मूल्यांकनपत्र जोडा. अंगठी, साखळी असं तुमच्या आईवडिलांनी जावयाला घातलेलं मात्र त्याचं. ते परत मागू नका, उगाच बोलणी फिसकटतात.

यादी तयार झाली की आधी साध्या पत्राने मागा. बहुतेक घरांत लेखी मागणी गेली की दागिने बाहेर येतात. न आल्यास कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी लॉकर वापरण्यावर बंदी घालू शकतात आणि स्त्रीधन परत करायचा आदेशही देऊ शकतात. पोलीस ठाण्याची पायरी त्यानंतरची. आधी तिथे गेलात तर परस्परसंमती संपलीच म्हणून समजा.

पीएफ, ग्रॅच्युइटी, कंपनीचे शेअर, अजून हातात न आलेले आरएसयू (कंपनीने टप्प्याटप्प्याने द्यायचे कबूल केलेले शेअर) हे ज्याच्या नोकरीतून आले त्याचेच. पण ते दिसले पाहिजेत. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र देणं बंधनकारक केलं. संमतीचा घटस्फोट असला तरी सह्या करण्याआधी हेच शपथपत्र एकमेकांना द्यायचा आग्रह धरा. आयटीतल्या माणसाचा पगार स्लिपवर दिसतो तेवढाच नसतो. परदेशी ब्रोकरच्या खात्यात पडून असलेले शेअर मी कितीदा तरी शेवटच्या आठवड्यात उघड होताना पाहिले आहेत.

आता कागदांचा क्रम. याच कारणासाठी मी हे उत्तर इतकं लांबवतो आहे, कारण लोक रक्कम नीट ठरवतात आणि क्रम चुकवतात.

महाराष्ट्रात पती-पत्नीतल्या निवासी घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण ही सवलत तुम्ही पती-पत्नी असेपर्यंतच. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की तुम्ही कायद्याने परके, आणि त्यानंतरच्या दस्ताला पूर्ण शुल्क. दुसरं म्हणजे बक्षीसपत्र खरोखर बिनमोबदला असावं लागतं. पैसे घ्यायचे आणि दस्ताला बक्षीस म्हणायचं, हे करू नका. उद्या कोणी आव्हान दिलं तर दस्त अडचणीत येतो. शिवाय कागदावर फुकट दिलेलं आहे, मग तुमचे ५० लाख कुठल्या आधारावर मागणार? तुमच्या बाबतीत नवरा पैसे देऊन तुमचा हिस्सा घेणार आहे. म्हणजे मोबदल्यासह हक्कसोडपत्र किंवा विक्रीखत, आणि तुमच्या हिश्श्यावर विक्रीसारखंच मुद्रांक शुल्क. ते कोणी भरायचं हे बोलण्यांतच ठरवून घ्या. हिस्सा देताना तुम्हाला भांडवली नफ्यावर कर लागू शकतो. त्या पैशातून मुदतीत दुसरं घर घेतलंत तर सवलत मिळते. सह्यांआधी सीएला गाठा.

संमतीपत्रात फ्लॅट नवऱ्याला दिल्याचं लिहिलं आणि न्यायालयाने ते मान्य केलं, तरी तेवढ्यावर थांबू नका. त्या याचिकेचा मूळ विषय घटस्फोट असतो, फ्लॅट नव्हे. नोंदणी न झालेल्या अशा एका परिच्छेदावर पुढे दुय्यम निबंधक, सोसायटी, बँक तिघंही शंका काढतात. नोंदणीकृत दस्त वेगळा कराच.

बँकेचं गणित तर वेगळंच आहे. तुमच्या संमतीपत्रात 'कर्ज नवरा फेडेल' असं लिहिलेलं बँकेला बांधील नाही, ती त्यात पक्षकारच नाही. त्याने हप्ता चुकवला तर वसुली तुमच्याकडूनही होईल, तुमचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या पतीचा आकडा) पडेल आणि स्वतःसाठी घर घ्यायला गेलात की कर्ज नाकारलं जाईल. म्हणून हक्क सोडण्याआधी बँकेकडून सहकर्जदार म्हणून नाव कमी केल्याचं लेखी पत्र घ्या. बँक त्याच्या एकट्याच्या पगारावर तयार नसेल तर त्याने दुसरीकडे कर्ज फिरवावं. तेही जमत नसेल तर फ्लॅट विकून कर्ज फेडणं आणि उरलेलं वाटून घेणं बरं. मन दुखावतं, मुलीची शाळा जवळ आहे वगैरे सगळं खरं आहे. पण घटस्फोटानंतर १५ वर्षं एकाच कर्जात अडकून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत आणि कोणावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

पैशाचे टप्पे असे बांधा: काही भाग पहिल्या अर्जाच्या वेळी, मोठा भाग हक्कसोडपत्राच्या नोंदणीच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, आणि राहिलेला अंतिम जबाबाच्या दिवशी न्यायालयातच. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो, म्हणून सगळं आधी देऊन बसू नका आणि सगळं शेवटावरही ठेवू नका. पहिला अर्ज आणि अंतिम जबाब यांच्यामध्ये ६ महिन्यांचा थांबा आहे. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तो माफ होऊ शकतो, पण पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं लागतं आणि पैसा, पोटगी, मूल यांचं सगळं मिटलेलं असावं लागतं. तुम्हाला १४ महिने झालेत. माझा सल्ला असा की आणखी ४ महिने बँक, सीए आणि यादीच्या कामात घालवा आणि मग अर्ज करा.

पोटगी एकरकमी घेणार असाल तर ती करमुक्त मानली जाते, दरमहा घेतली तर तुमच्या उत्पन्नात धरली जाते. दोन्हींची रक्कम फ्लॅटच्या मोबदल्यापासून वेगळी लिहा, एकाच आकड्यात कोंबू नका. 'यापुढे एकमेकांकडे काही मागणार नाही' हे वाक्य तुमच्यापुरतं ठीक, मुलीच्या खर्चाला ते लागू होत नाही. तिच्या शिक्षणाचं कलम स्वतंत्र घाला. त्याने मुलीसाठी आणि तुमच्यासाठी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली आयुर्विमा काढला असेल तर ती पॉलिसी तुमच्यासाठीचा न्यासच (ट्रस्ट) असतो, तो ती मनाप्रमाणे मोडू शकत नाही. विचारून घ्या.

बोलणी फिसकटून दावा लावायची वेळ आलीच तर एक खास महाराष्ट्रातली गोष्ट. इथे दावा चालू असताना विकलेल्या मालमत्तेच्या खरेदीदारावर निकाल बंधनकारक ठरावा, तर दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती न नोंदवल्यामुळे जिंकलेल्या दाव्याचा हातात नुसता कागदच राहू शकतो. फ्लॅटमध्ये तुमचं नाव आहे म्हणून तो तुमच्याशिवाय विकता येणार नाही, पण नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आणखी काही असेल तर ही नोटीस पहिल्याच आठवड्यात नोंदवा.

हुकूमनामा होईपर्यंत तुम्ही एकमेकांचे पहिल्या क्रमाचे वारस आहात. तुमचं काही बरंवाईट झालं तर तळेगावच्या प्लॉटमध्येही नवरा मुलीबरोबर वारस ठरेल. दोन साक्षीदारांसमोर साधं मृत्युपत्र आजच करून ठेवा आणि बँक, म्युच्युअल फंड, विमा यांची नामनिर्देशनं तपासा. हुकूमनाम्यानंतर प्रमाणित नक्कल किमान २ प्रतींत काढा, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरची आणि महानगरपालिकेच्या मिळकतकरातली नावं बदलली का ते बघा, आणि ३ महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून त्या कर्जाशी तुमचं नाव खरंच तुटलंय याची खात्री करून घ्या.